राखाडी रंगाची दुर्गा

सांगलीत विश्रामबागेत एका फर्निचरच्या शोरूमवर 'रूपगर्विता' मासिकाचं ऑफिस आहे. मासिकाचा कागद इतका गुळगुळीत, की धरावा तर हातातून निसटतो. वाचायला म्हणून ते कुणी विकत घेत असेल तर अशा माणसाला एकदा बघायला पाहिजे. पार्लरमध्ये केसांना मेंदी थापून बसलेल्या बायका ते चाळतात, दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेली माणसं त्याच्याकडं नुसती बघतात, आणि ज्या बाईचा फोटो आत छापलेला असतो तिच्या घरी त्याचा गठ्ठाच जातो. मग ती बाई माहेरी, सासरी, भिशीत आणि हळदीकुंकवात तो वाटत सुटते. मासिक चालतं ते असं.

या ऑफिसात उत्कर्षा पुकळे इंटर्न म्हणून लागली होती. कोल्हापुरात पत्रकारिता शिकून आलेली, पहिल्या वर्गात पास झालेली, आणि सगळ्या जगाला आपण एका नजरेत ओळखतो असं मानणारी मुलगी. पहिल्या दिवशी तिनं ऑफिसातले प्लास्टिकचे ऑर्किड बघितले, भिंतीवरचं 'सौंदर्य हाच संस्कार' हे वाक्य बघितलं, आणि मनातल्या मनात नाक मुरडलं. त्यानंतर ते नाक सरळ झालंच नाही.

तसं नाक मुरडायला तिथं कारणांचा तोटा नव्हता म्हणा. संपादक होत्या प्रियदर्शनी मॅडम. माहेर माधवनगरच्या कापडवाल्यांचं. माग बंद पडले, शेडमध्ये मंगल कार्यालय झालं, आणि घरातल्या हुशार मुलीनं काहीतरी करावं म्हणून तिला मासिक काढून दिलं. कुणाला घराच्या मागं बाग करून देतात, तसं. मॅडम स्वतः एक ओळ लिहीत नसत. लिहायची ती इंटर्ननं. खाली नाव मात्र मॅडमचं, शेजारी मॅडमचा हनुवटीखाली मूठ धरलेला फोटो. मूठ कशासाठी, तर विचार करताहेत असं वाटावं म्हणून.

मुलाखती घ्यायची पद्धत तर न्यारीच. आधी उत्तरं लिहायची, मग त्यांना शोभतील असे प्रश्न लिहायचे, मग ते सगळं त्या बाईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. बाई वाचून त्यात आणखी दोन गुण घालून परत पाठवायची. फलटणच्या एका कारखाना संचालकाच्या सूनबाईंबद्दल उत्कर्षानं लिहिलं होतं, 'पहाटे चारला उठून त्या ध्यान करतात.' सूनबाईंचा फोन सकाळी अकरा वाजता आला, आवाजात अजून झोप भरलेली. "छान झालंय. पण ध्यानानंतर थोडं वाचन पण टाका ना. काहीतरी इंग्लिश."

उत्कर्षानं टाकलं. टाकताना तिला त्या सूनबाईंची कीव आली, मॅडमची कीव आली, आणि असलं वाचणाऱ्यांची तर विचारूच नका. स्वतःची तेवढी आली नाही. आपण इथले नव्हे, चार दिवसांचे पाहुणे आहोत, असं ती धरून चालली होती.

तिला तिथून हवं होतं ते एकच. छापलेलं नाव. पुण्याच्या एका मोठ्या दैनिकात ती मुलाखतीला जाऊन आली होती. तिथल्या माणसानं विचारलं, "तुमचं नाव असलेलं एखादं पान आहे का? एक पान आणा, मग बोलू." एवढं लिहून एक पान नव्हतं. सगळ्या पानांवर मॅडमची मूठ. इंटर्नशिप संपत आली होती. नवरात्राचा अंक निघाला की संपलीच. त्या अंकात नाव आलं नाही तर सरळ म्हसवडकडच्या घरी जाऊन बसायचं, आणि वडील सगळ्यांना सांगत हिंडतात तशी 'पत्रकार' म्हणून मिरवायचं.

नवरात्राचा अंक म्हणजे 'रूपगर्विता'चा वर्षाचा सण. नऊ दिवसांचे नऊ रंग, नऊ रंगांच्या नऊ बायका, 'नवदुर्गा' म्हणून. फोटो श्रावणातच काढून ठेवायचे. जांभळ्यासाठी दोन डॉक्टरीणबाईंची जुंपली. पिवळा एका सराफाच्या बायकोनं आधीच धरून ठेवला होता. लालसाठी तर एका नगरसेविकेनं मॅडमच्या भावाकडून शब्द टाकला. सगळं वाटून झाल्यावर राहिला तो राखाडी. त्याला कुणी हात लावीना. एक बिल्डरीणबाई म्हणाल्या, "नको गं बाई, गिरणीतनं दळण घेऊन आल्यासारखं दिसतं."

"राखाडी कष्टकरी बाईला देऊ," मॅडम म्हणाल्या. नऊतली एक दुर्गा दर वर्षी कष्टकरी असायची. गेल्या वर्षी भाजीवाली होती. कष्टकरी बाईचं एक बरं असतं, ती रंगावरून भांडत नाही.

फोटोग्राफर दिग्विजय खुर्चीत उलटा बसला होता. तो साताऱ्याचा. बोलताना साताऱ्याचं नाव असं घ्यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ते गाव यानंच वसवलं. "मॅडम, धनगर बाई घेऊ," तो म्हणाला. "मेंढ्या, घोंगडी, माळ. ब्लॅक अँड व्हाइट. ते लोक एकदम रॉ असतात. चेहऱ्यावर काही नसतंच, नुसतं ऊन." आणि हसला.

उत्कर्षाही हसली. ती धनगराची पोर होती, आणि हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. 'म्हसवडकडं शेती आहे आमची' एवढं तिनं सांगून ठेवलं होतं. ते खोटं नव्हतं, पण तिचा बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायचा तो थेट पावसाळ्याच्या तोंडाला घरी यायचा, एवढा भाग तिनं गिळला होता.

"मी देते शोधून," ती म्हणाली. "माण तालुक्याच्या बाजूची एक बाई माहितीय मला. पण लेखावर नाव माझं पाहिजे."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. ऑफिसातला सोफा बोलला असता तरी त्यांनी असंच बघितलं असतं. मग त्यांना आठवलं असावं, की कष्टकरी बाईच्या पानावर आपला मुठीचा फोटो नाहीतरी जात नाही. "चालेल," त्या म्हणाल्या. "पण बाई फोटोजेनिक हवी."

ती बाई म्हणजे उत्कर्षाची आत्ती, धोंडुबाई आकाराम गोरड. वडिलांची थोरली बहीण. आई-बाप मेंढरांमागं रानोमाळ, म्हणून उत्कर्षा शाळेसाठी आत्तीकडं राहिली. पहिलीपासून दहावीपर्यंत. तिच्या शाळेपायी आत्तीनं मेंढरांमागं लांब जायचं सोडलं. नवरा आकाराम एकटा जायचा. ही वस्तीवर राहून लोकांची मेंढरं राखायची आणि पोरीची वेणी घालायची. तिला स्वतःचं मूल नव्हतं. ते दुःख तिनं कधी बोलून दाखवलं नाही, कारण पोरीला बोचेल.

उत्कर्षानं फोन केला. घरी बोलताना तिची भाषा आपोआप घरची व्हायची, ऑफिसच्या जिन्यात उभं राहून का होईना.

"आत्ती, तुजा फोटू पुस्तकात येनार हाय. पानभर."

"माजा? कशापायी? म्या कुनाचं काय चोरलंय?"

"चांगल्यासाटी गं. पर एक हाय. आमची मानसं येतील तवा मला वळक दावायची न्हाई. हापिसचा नियम हाय, घरच्या मानसाचं छापत न्हाईत."

"बरं. तुजं नाव यील का त्यात?"

"यील."

"मग आसू दे."

श्रावणातल्या एका सकाळी मॅडमची गाडी निघाली. विटा मागं पडलं, मायणी मागं पडली, तसा दिग्विजय काच खाली करून दगडधोंड्यांचे फोटो काढायला लागला आणि "काय टेक्स्चर आहे" म्हणायला लागला. उत्कर्षाला त्याला गाडीतून ढकलून द्यावंसं वाटलं. मॅडमनी नाकाला रुमाल लावला होता. वास कसलाही नव्हता. येईल म्हणून लावून ठेवला होता.

वस्तीवर पोचले तर तिथं निराळीच तयारी. शहरातली माणसं फोटो काढायला येणार, मेंढरं कशी नीटनेटकी दिसली पाहिजेत, म्हणून आकारामनं दोन दिवस खपून सगळी मेंढरं कातरून ठेवली होती. पोरगं शाळेच्या फोटोआधी न्हाव्याकडं न्यावं तसं. दिग्विजयला हवी होती लोकरीनं भरलेली काळीभोर मेंढरं, आणि समोर उभी होती हाडं दिसणारी, लाजलेली, कातरलेली मेंढरं. आकारामच्या अंगात भाच्याचा टी-शर्ट, त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. आणि मधोमध धोंडुबाई, पोपटी रंगाची कोरी साडी नेसलेली, नाकात नथ, कोपरापर्यंत बांगड्या, तोंड भरून हसत.

"ओह नो," दिग्विजय म्हणाला.

मॅडमनी पिशवीतनं राखाडी साडी काढली. धोंडुबाईनं ती हातात घेऊन उलटीपालटी केली. "ही राखंच्या रंगाची?" तिनं विचारलं, आणि उत्कर्षाकडं बघितलं. मग फोनवरचं बोलणं तिला आठवलं असावं. "बाई, हीच नेसाया पायजे का?"

"हो ताई," उत्कर्षा म्हणाली. "थीम आहे."

ज्या बाईच्या कुशीत ती दहा वर्षं निजली तिला तिनं ताई म्हटलं, आणि ते इतकं सहज तोंडातून आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

आत्ती राखाडी नेसून आली. नथ काढायला लावली. बांगड्या काढायला लावल्या. मेंढरं फोटोत घ्यायच्या लायकीची नव्हती, म्हणून दिग्विजयनं नुसता चेहरा घ्यायचा ठरवला. "हसू नका, मावशी. काहीतरी दुःखाचं आठवा."

"दुकाचं कशाला आटवू? दिस चांगला हाय."

तो वैतागला. ऊन सरकत होतं. तेवढ्यात धोंडुबाईची नजर कॅमेऱ्यामागं गेली. तिथं चेहऱ्यावर उजेड पाडणारा चकचकीत चांदीच्या रंगाचा पडदा दोन्ही हातांनी धरून उत्कर्षा उभी होती, अनोळखी चेहऱ्यानं. आत्तीचं हसू मावळलं. "हेच, हेच पाहिजे होतं," दिग्विजय म्हणाला आणि खटाखट फोटो घेतले.

निघताना चहा आला. मॅडमचं डाएट होतं. दिग्विजयनं कप दगडावर ठेवला तो तसाच राहिला. उत्कर्षानंही कपाला ओठ लावला नाही. आपण एकटीनंच प्यायलो तर त्यांना काय वाटेल, हा विचार तिच्या मनात आला. गाडी वळली तेव्हा आत्ती दगडावरचे कप गोळा करत होती.

मग उत्कर्षा लिहायला बसली. लिहिता तिला चांगलंच येत होतं, आणि हा लेख पुण्याला दाखवायचा होता, म्हणून तिनं जीव ओतला. जीव ओतला म्हणजे काय, तर जे जे 'रूपगर्विता'त लिहिताना ती हसायची ते सगळं तिनं दुप्पट मन लावून लिहिलं. मॅडमनी एकच दुरुस्ती केली. जिथं तिथं 'शेवटपर्यंत' हा शब्द घातला. 'शेवटपर्यंत ताठ मानेनं जगली', 'शेवटपर्यंत कुणापुढं हात पसरला नाही'. त्यांना तो शब्द भारदस्त वाटायचा. उत्कर्षाला तो खटकला होता. पण शब्दावरून वाद घालावा आणि मॅडमनी नाव उडवावं, एवढी ती भोळी नव्हती. तो शब्द तिनं राहू दिला.

घटस्थापनेच्या आदल्या दुपारी अंक हातात आला. उत्कर्षानं घाईघाईनं पान काढलं. नवदुर्गांच्या सगळ्याच पानांना झेंडूच्या माळेची चौकट होती आणि खाली तेवता दिवा. बाकीच्या आठ बाया पिवळ्या-जांभळ्या साड्यांत हसत होत्या, दसऱ्याच्या सेलच्या जाहिरातीसारख्या. नवव्या पानावर काळ्यापांढऱ्या फोटोत धोंडुबाई होती, न हसणारी, वर मथळा 'माळरानाची माउली'. दिव्याच्या खाली मधोमध ठळक अक्षरांत छापलं होतं, 'उत्कर्षा धनाजी पुकळे'.

बापाचं नाव तिनं मुद्दाम घालायला लावलं होतं. पानातलं दुसरं काही तिनं बघितलंच नाही. नावावरून बोट फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं. मग पानाचा फोटो काढला, पुण्याच्या माणसाला पाठवला, वडिलांना पाठवला, आणि वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्यावर काय लिहावं सुचेना. नाव तर दिसतंच आहे, असं म्हणून तिनं खाली नुसते जोडलेले हात टाकले, आभाराचे म्हणून.

संध्याकाळी हॉलमध्ये प्रकाशन होतं. आठ दुर्गा स्टेजवर बसल्या होत्या. नववीला बोलावलं नव्हतं. "एवढ्या लांबून कुठं त्रास द्यायचा," मॅडम म्हणाल्या होत्या. भाषणं चालली असताना उत्कर्षाच्या पर्समध्ये फोन सारखा थरथरत होता. लोक अभिनंदन करताहेत, असं धरून तिनं तो बघितला नाही. उद्या निवांत एकेक वाचू म्हणाली. खाऊ पुरवून खायची सवय तिला लहानपणापासून.

सकाळी बघितलं तर वडिलांचे इतके फोन येऊन गेलेले की मोजावेसे वाटेनात. ग्रुपवर तिच्या जोडलेल्या हातांखाली गावोगावी पांगलेल्या पन्नास माणसांचे जोडलेले हात. त्यांच्याबरोबर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. 'आक्काच्या आत्म्यास शांती लाभो'. सैन्यातला एक चुलतभाऊ सीमेवरनं लिहीत होता, 'एक माउली हरपली'.

उत्कर्षानं ते पान पुन्हा उघडलं आणि पहिल्यांदाच वस्तीच्या डोळ्यांनी बघितलं. काळापांढरा फोटो. भोवती झेंडूचा हार. खाली दिवा. शेवटपर्यंत ताठ मानेनं जगली. आणि सगळ्यांत खाली, जिथं दुःखात बुडालेल्यांची नावं छापतात, तिथं तिचं नाव.

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. मागं टेंपोचा आवाज. "उत्कर्षे, माजी भन गेली आनि मला फोटूवरनं कळावं व्हय गं? येक फोन उचलाया तुला जमंना?" धनाजी पुकळे हमसून हमसून रडत होता. फलटणकडं कुणाचं तरी कर्नाटकात न्यायचं लेंडीखत गाडीत भरायच्या मजुरीला तो गेला होता, तिथनं मिळेल त्या गाडीनं निघाला होता.

"आबा, आत्ती हाय. जित्ती हाय. त्यो लेख हाय, मासिकातला."

"जित्ती हाय? मग हार कुनी घातला?"

तिनं आकारामचा फोन लावला, लागला नाही. लागला तेव्हा कुणी उचलला नाही. ती तशीच स्टँडवर गेली आणि विट्याच्या एसटीत बसली. वाटेत दोन मेसेज आले. एक मॅडमचा, 'राखाडी पान सुपरहिट! लोक हात जोडतायत. तू परमनंट हो, दर महिन्याला एक कष्टकरी करू.' दुसरा पुण्याचा, 'पान बघितलं. भाषा चांगली आहे. येत्या सोमवारी या.' जे हवं होतं ते सगळं एका एसटीच्या प्रवासात मिळालं होतं. तिनं पुन्हा आकारामचा नंबर लावला.

वस्तीवर पोचली तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. तानुबाई, म्हणजे आकारामची बहीण, पहाटे फाट्यावरूनच गळा काढत आली होती, आणि बघते तर धोंडुबाई दारात शेळीचं दूध काढतेय. तानुबाई तिथंच मटकन खाली बसली होती. आकाराम म्हसवडच्या बाजारात घटाचं सामान आणायला गेला होता, तिथं दुकानदारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वहिनी लय भली हुती." आकारामला वाटलं, हा बायकोचं कौतुक करतोय. तो म्हणाला, "व्हय, अजून तशीच हाय." दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण माळापलीकडच्या तीन वस्त्यांवरल्या गोरडांच्या भावकीत कालच्या रात्रीच निरोप फिरला होता, सुतक पडलं. सुतकात देव बसत नाहीत. त्या तिन्ही वस्त्यांवर आज सकाळी कुणी घट बसवला नव्हता. मातीच्या पाट्या भरलेल्या तशाच, पाच धान्यं सुपात तशीच, आणि दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून जो तो भाकरी आणि पिठलं बांधून घेऊन आलेला. धोंडुबाईनं ते सगळं अंगणात मांडलं होतं. "खावा. माज्या मरनाचं जेवान मलाच वाढाया लागतंय," असं म्हणत ती वाढत होती आणि लोक ओशाळून जेवत होते.

"देवीचा मुहूर्त चुकला गं बाई ह्या फोटूपायी," तानुबाई उत्कर्षाला बघताच म्हणाली. "शिकून हेच केलंस व्हय?"

"तिला कशाला बोलतीस," धोंडुबाई म्हणाली. "पोरीनं माजं चांगलंच लिवलं आसंल. हिकडं ये गं. पुस्तक आनलंस का? वाच. आता समदी हायेत तर ऐकू द्या."

"नंतर वाचते, आत्ती."

"नंतर कवा? मानसं लांबनं आल्यात. वाच."

उत्कर्षानं पिशवीतनं अंक काढला. पळून जावंसं वाटलं, पण पळायचं कुठं. तिनं वाचायला सुरुवात केली. "'धोंडुबाई गोरड या मेंढपाळ महिलेला भेटण्याचा योग नुकताच आला...'"

"योग आला?" आत्तीनं विचारलं. रागानं नाही, नीट ऐकू आलं नसावं म्हणून विचारावं तसं.

"तसं लिहायची पद्धत असते."

"बरं. फुडं वाच."

तिनं पुढं वाचलं. माळ आला, ऊन आलं, घोंगडी आली, शेवटपर्यंत ताठ मान आली. एका ओळीपाशी ती थांबली. ती ओळ खोडून टाकावी, गिळून टाकावी, काहीही करावं, असं तिला झालं. पण शेजारी तानुबाईचा शिकलेला जावई मान वाकडी करून पानात बघत होता, आणि तिनं थांबल्यावर ती ओळ त्यानंच मोठ्यानं वाचली. "'तिला मूलबाळ नाही. तिनं कधी कुणाच्या केसांची वेणी घातली नाही. मेंढरं हीच तिची लेकरं.'"

आकाराम उठला आणि टी-शर्टच्या बाहीनं नाक पुसत मेंढरांकडं गेला. बायकांनी उत्कर्षाकडं बघितलं. उत्कर्षाच्या पाठीवर अजून लांब वेणी होती.

"त्ये वाचायला बरं वाटतं म्हणून, आत्ती," ती म्हणाली. "माझं नाव यायचं होतं गं. नाव आलं नसतं तर..."

"आलं का नाव?"

"आलं."

"कुटं? दाव."

उत्कर्षानं दिव्याखाली बोट ठेवलं. आत्तीला वाचता येत नव्हतं, पण तिनं त्या अक्षरांवरून आपलं बोट हळूहळू फिरवलं, डावीकडून उजवीकडं, मग त्याच्या पुढच्या कोऱ्या जागेवरूनही. "आनि फुडं काय लिवलंय?"

"पुढं काही नाही."

"म्हंजी नातं न्हाई लिवलं?" ती जावयाकडं वळली. "बाबा, मानूस मेल्यावर फोटू छापत्यात, त्याखाली लिवत्यात न्हवं? लेक, सून, भाची, काय आसंल ती?"

"लिहितात, मामी."

"मेलेल्या मानसाच्या फोटूखालीबी नातं लिवत्यात, उत्कर्षे," आत्ती म्हणाली. "त्यो तुज्या हापिसचा नियम न्हवता. व्हय ना?"

उत्कर्षा खाली बघून रडत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ज्याची किळस आली ते दुसरं कुणी नव्हतं. आत्तीनं अंक मिटला, पदरानं त्याच्यावरचा पिठल्याचा डाग पुसला आणि तो तिच्या मांडीवर ठेवला.

तानुबाई चाचरत म्हणाली, "मग वैनी, घट बसवायचा का आता? सुतक न्हाई न्हवं?"

धोंडुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. भरलेली मातीची पाटी तिनं पुढं ओढली.

"बसीव," ती उत्कर्षाकडं न बघता म्हणाली. "गेली ती आपल्या घरची न्हवं."

बायका एकेक करून उठल्या आणि माती चाळायला बसल्या. उत्कर्षाला कुणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.